डिस्क बिघडली की फर्मवेअर? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये हार्ड डिस्क (फिरत्या चकतीवर मजकूर ठेवणारी) आणि एसएसडी (चिपमध्ये मजकूर ठेवणारी) यांबद्दलची पत्रं सर्वात जास्त होती, आणि जवळपास प्रत्येकात एक वाक्य होतंच: ‘फर्मवेअर अपडेट केलं तर ठीक होईल का?’ फर्मवेअर म्हणजे डिस्कच्या आतच साठवलेला, तिचा कारभार चालवणारा प्रोग्रॅम. मोटर कधी फिरवायची, हेड (चकतीवरचं वाचणारा-लिहिणारा भाग) कुठे न्यायचं, खराब सेक्टरची (सेक्टर म्हणजे डेटा ठेवण्याचा छोटा कप्पा) नोंद कुठे ठेवायची, हे सगळं तो ठरवतो. त्यात चूक असेल तर अपडेट हाच उपाय आहे. पण बिघाड केबलमध्ये, विजेत किंवा चकतीच्या पृष्ठभागावर असेल, तर अपडेटने काहीही साधत नाही, उलट अर्धवट चालणारी डिस्क कायमची बंद पडू शकते. म्हणून क्रम नेहमी हाच ठेवा: आधी डेटा दुसरीकडे, मग केबल आणि वीज, मग पृष्ठभागाची तपासणी, आणि सगळ्यात शेवटी फर्मवेअर.

प्रश्न: दुकानातल्या डेस्कटॉपमध्ये १ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क आहे. दिवसातून दोन-तीनदा संगणक अर्धा-एक मिनिट गोठतो. कधी कधी डी ड्राइव्ह दिसेनासाच होतो. बंद करून चालू केला की परत येतो. टॅलीचा सगळा डेटा त्यावर आहे. दुरुस्तीवाल्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम लावून दाखवलं. त्यात ०५, सी५ आणि सी६ या ओळींत शून्य आहे, पण सी७ समोर ७३७ आकडा आहे. तो म्हणतो डिस्क गेली, नवी घ्या. खरंच गेली का? – एक दुकानदार, सांगली

उत्तर: तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून डिस्क गेलेली दिसत नाही. संशय केबलवर आणि विजेच्या जोडणीवर आहे. तरीही आज दुकान बंद करायच्या आधी टॅलीचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. पुढचं सगळं त्यानंतर.

आता आकडे कसे वाचायचे ते पाहू. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे मुळात सोळाच्या पायाच्या मोजणीत, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये दाखवतं. त्यामुळे तुमचे ७३७ हे खरे १,८४७ आहेत. फंक्शन मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, त्यात १० डीईसी निवडा, म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीतले आकडे दिसतील. ओळींचे क्रमांकही तसेच असतात. तिथला सी७ म्हणजे इतर प्रोग्रॅममधला १९९, सी५ म्हणजे १९७ आणि सी६ म्हणजे १९८.

०५ ही ओळ सांगते की किती सेक्टर निकामी ठरवून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले. सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. सी६ म्हणजे डिस्कने स्वतःहून केलेल्या तपासणीत दुरुस्त न झालेले. या तिन्ही ठिकाणी शून्य आहे, म्हणजे चकतीच्या पृष्ठभागाची डिस्कला अजून काही तक्रार नाही. सी७ची गोष्ट वेगळी. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात डेटा जाता-येता बिघडला, की ही मोजणी एकाने वाढते. तो बिघाड वाटेतला असतो, आणि वाट म्हणजे साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी डेटाची केबल), तिची दोन्ही टोकं आणि मदरबोर्डवरचा पोर्ट.

सी७चा आकडा कधीच शून्यावर येत नाही, हे लक्षात ठेवा. केबल बदलूनही आकडा १,८४७च दिसला म्हणून ‘फरक पडला नाही’ असं समजू नका. आकडा कागदावर लिहून ठेवा, नवी साटा केबल लावा, कुलपासारखी पत्रीची खटकी असलेली घ्या, शक्य तर मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरा, आणि चार दिवसांनी पुन्हा बघा. तिथेच थांबला असेल तर रोग सापडला. वाढत असेल तर दुसऱ्या संगणकात लावून बघा. तिथेही वाढला, तरच डिस्कच्या सर्किट बोर्डावर संशय घ्यायचा.

ड्राइव्ह मधूनच नाहीसा होतो त्याचं दुसरं नेहमीचं कारण वीज. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि बोर्ड ५ व्होल्टवर. मोटर सुरू होताना १२ व्होल्टच्या तारेतून साधारण २ अँपिअर खेचले जातात, आणि जुना एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) नेमका तिथे कमी पडतो. मल्टिमीटर असेल तर रिकाम्या चार पिनी कनेक्टरवर मोजा: काळी आणि पिवळी तार यांत १२, काळी आणि लाल यांत ५. संगणक कामात असताना मोजायचं, कारण भार नसताना कुठलाही एसएमपीएस चांगलाच दिसतो. ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५ या मर्यादेबाहेर आकडा टिकून राहिला, तर एसएमपीएस बदला. टोकं एकमेकांना लागू देऊ नका. चार पिनीवरून साटा करणारा ओतीव प्लॅस्टिकचा कन्व्हर्टर लावला असेल तर तो आजच काढा. त्याच्या आतल्या तारा एकमेकींना चिकटून तो वितळल्याचे, पेटल्याचे प्रकार झाले आहेत. एसएमपीएसची थेट साटा पिन वापरा.

विंडोजमध्येही याचा माग राहतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिममध्ये जा. १२९ क्रमांकाच्या नोंदी म्हणजे डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून तिला रीसेट केलं, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. तुमच्या वर्णनाशी या जुळतील. ७ क्रमांकाची नोंद दिसली, तर मात्र बॅड ब्लॉक सापडला आहे आणि वर लिहिलेला निष्कर्ष बदलतो.

याच ओघात एक खुलासा, कारण पुष्कळ लोक यालाच घाबरून पत्र लिहितात. सीगेटच्या हार्ड डिस्कमध्ये ०१ आणि ०७ या ओळींत कोटींच्या घरातले आकडे दिसतात. त्या आकड्यात चुकांची मोजणी आणि एकूण कामांची मोजणी एकत्र भरलेली असते. नव्या कोऱ्या डिस्कमध्येही ते असतात.

प्रश्न: माझ्या डिस्कमध्ये सी५ समोर २४ आहे. फर्मवेअर अपडेट करूनही २४च राहिले. अपडेट नीट झालं नाही का? – पुणे

उत्तर: अपडेट नीट झालं असेल, पण या २४ सेक्टरांशी त्याचा संबंध नाही. हे सेक्टर असे आहेत की डिस्कने ते वाचायचा प्रयत्न केला, चूक दुरुस्तीचं गणित वापरलं, तरी मजकूर जुळला नाही. आत काय होतं हे कळल्याशिवाय डिस्क त्यांची जागा बदलत नाही, कारण बदलली तर तुमचा मजकूर कायमचा गेला. म्हणून ती वाट बघते. त्या जागेवर नवीन काही लिहिलं की निर्णय होतो. लिहिलेलं नीट वाचता आलं तर सेक्टर चांगला ठरतो, सी५ कमी होतो आणि ०५ वाढत नाही. मध्येच वीज गेल्याने अर्धवट लिहिलेले सेक्टर असे बरेचदा सुधारतात. नाही जमलं तर राखीव सेक्टर लागतो आणि ०५ वाढतो.

म्हणून डेटा पूर्ण काढून घ्या, मग फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटची खूण काढा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळीकडे शून्यं लिहिली जातात, त्यामुळे सगळ्या सेक्टरांचा निकाल लागतो. १ टीबीला साधारण दोन ते तीन तास धरा. त्यानंतर डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या टूलने किंवा स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमने विस्तारित चाचणी लावा. सी५ शून्य, ०५ स्थिर आणि चाचणी पूर्ण, असं झालं तर कमी महत्त्वाच्या कामाला डिस्क वापरता येईल. आठवड्याभरात पुन्हा नवे सेक्टर निघाले, तर तिच्यावर काहीही ठेवू नका.

डेटा काढण्याआधी विंडोजची डिस्क तपासणारी आज्ञा सीएचकेडीएसके स्लॅश आर (chkdsk /r) चालवू नका. ती आज्ञा सगळा पृष्ठभाग वाचत बसते, आणि हेड थकलेलं असेल तर तेवढ्यातच डिस्क संपते. शिवाय फाइल सिस्टिमची ‘दुरुस्ती’ करताना ती अर्धवट फाइली तोडून टाकते.

लिनक्स येत असेल तर कॉपी-पेस्टपेक्षा जीएनयू डीडीरेस्क्यू हा डेटा वाचवणारा प्रोग्रॅम कितीतरी चांगला. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडणाऱ्या जागा एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. पहिली फेरी ‘-एन’ (छोटा n) लावून करा, म्हणजे खराब जागा तो खरवडत बसणार नाही. दुसऱ्या फेरीत ‘-आर३’ लावा, म्हणजे तीनदा प्रयत्न होईल. दोन्ही वेळा मॅप फाइल तीच द्या. स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर चांगली डिस्क पुसली जाते, म्हणून एंटर दाबण्याआधी दोन्हींचे सीरियल नंबर ताडून बघा.

प्रश्न: लॅपटॉपमध्ये मी स्वतः बसवलेली २ टीबीची एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी, वेगवान) एसएसडी आहे. व्यवस्थित चालते. कंपनीचं टूल नवं फर्मवेअर आलंय असं सांगतं. ‘चालतंय ते चालू द्या, हात लावू नका’ असं मित्र म्हणतात. करावं का? आणि कसं? – ठाणे

उत्तर: हार्ड डिस्कच्या बाबतीत तुमच्या मित्रांचा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो. एसएसडीच्या बाबतीत आमचं मत उलट आहे: आलेलं अपडेट वाचा, आणि त्यात डेटा किंवा आयुष्याशी संबंधित दुरुस्ती असेल तर लवकर घ्या.

कारण एसएसडीत फर्मवेअरचं काम फार मोठं आहे, आणि त्यातली चूक अनेकदा ठरलेल्या तासाला फुटते. क्रुशियलच्या एम४ एसएसडी ५,१८४ तास, म्हणजे एकूण २१६ दिवस चालल्या की गोठू लागत. रीस्टार्ट केल्यावर तासाभराने पुन्हा तेच. जानेवारी २०१२मध्ये आलेल्या ०३०९ या फर्मवेअरने ते थांबलं. नोव्हेंबर २०१९मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल इशारा दिला, की ३२,७६८ तास पूर्ण होताच त्या बंद पडतील आणि डेटा परत मिळणार नाही. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. सोळा बिटांच्या चिन्हांकित मोजणीत ३२,७६७च्या पुढे जागा नसते. सर्व्हर चोवीस तास चालू असेल तर हा मुहूर्त ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांनी येतो. एकाच दिवशी बसवलेल्या सगळ्या डिस्क एकाच तासाला जाणार, म्हणजे एकच डेटा अनेक डिस्कवर ठेवणाऱ्या रेड व्यवस्थेचाही उपयोग नाही. सॅमसंगच्या ९९० प्रोमध्ये शिल्लक आयुष्याची टक्केवारी भराभर घसरत होती. फेब्रुवारी २०२३च्या फर्मवेअरने घसरण थांबली, पण आधी गेलेले टक्के परत आले नाहीत. बिघाड झाल्यावर टाकलेलं फर्मवेअर झालेलं नुकसान भरून देत नाही, हे यातून दिसतं.

आता कसं करायचं. आधी बॅकअप, आणि त्यातल्या चार-दोन फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमधून मॉडेल, सीरियल आणि सध्याचं फर्मवेअर लिहून घ्या. मॉडेलचं अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. तुमची एसएसडी तुम्ही वेगळी विकत घेतली आहे, म्हणून अपडेट एसएसडीच्या कंपनीकडून घ्यायचं. लॅपटॉपबरोबरच आलेली असती तर लॅपटॉपच्या कंपनीकडून घ्यावं लागलं असतं. तशा एसएसडीचं मॉडेल आणि फर्मवेअर वेगळं असतं, बाजारातल्या डिस्कचं फर्मवेअर तिला लागत नाही.

त्यानंतर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय, बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि अपडेटपुरतं बिटलॉकर स्थगित करा. लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा आणि बॅटरीही निम्म्याहून जास्त भरलेली हवी. घरातली वीज गेली तरी काम मध्येच तुटता कामा नये. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लागतोच. इन्व्हर्टरवर विसंबू नका, काही इन्व्हर्टर बदलताना क्षणभर जो खंड पडतो तेवढ्यात संगणक रीस्टार्ट होतो.

टूलला एसएसडी दिसलीच नाही, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळण्याची पद्धत) चालू आहे का बघा. हे सेटिंग बदलून सरळ विंडोज सुरू केलं तर निळा पडदा येतो. अशा वेळी कंपनीची बूट होणारी आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर घ्या, बायोसमध्ये तात्पुरतं एएचसीआय (डिस्क हाताळण्याची साधी पद्धत) करा, पेनड्राइव्हवरूनच बूट करून अपडेट करा, आणि विंडोज सुरू होण्याआधी सेटिंग पूर्ववत करा. बायोसला हात लावणार असाल, तर बिटलॉकरची की हाताशी आहे याची पुन्हा एकदा खात्री करा.

अपडेट चालतं काही सेकंदं, फार तर दोन-चार मिनिटं. त्या काळात झाकण मिटू नका, बटण दाबू नका, पट्टी अडकल्यासारखी वाटली तरी थांबा. झाल्यावर नुसतं रीस्टार्ट पुरेसं समजू नका. शिफ्ट दाबून शटडाउन करा, कारण नेहमीच्या शटडाउनमध्ये फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही. अर्ध्या मिनिटाने चालू करा, फर्मवेअरचा नवा क्रमांक दिसतो का ते लिहून ठेवलेल्या क्रमांकाशी ताडा, आणि बिटलॉकर पुन्हा सुरू करा. लिनक्सवर असाल तर एफडब्ल्यूयूपीडी या फर्मवेअर अपडेटच्या प्रोग्रॅममधून अपडेट मिळतं का ते आधी बघा. बऱ्याच कंपन्या तिथे फर्मवेअर देतात.

प्रश्न: कपाटातून २००९ साली घेतलेली ५०० जीबीची डिस्क काढली. मोटर नीट फिरते, आवाज शांत, टकटक नाही. पण बायोसमध्ये दिसतच नाही. आत जुने फोटो आहेत. तशाच दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड काढून लावू का? – नागपूर

उत्तर: बोर्ड लावू नका, आधी लेबल वाचा. तिथे सीगेट बॅराकुडा ७२००.११, मॉडेल एसटी३५००३२०एएस आणि फर्मवेअर एसडी१५ असं लिहिलं असेल, तर तुमचे फोटो बहुधा सुखरूप आहेत.

या मालिकेतल्या डिसेंबर २००८पर्यंत बनलेल्या बऱ्याच डिस्कमध्ये फर्मवेअरची एक प्रसिद्ध चूक होती. डिस्क स्वतःच्या घडामोडींची नोंदवही ठेवते. त्या वहीचा शेवट कुठे, ही सीमा एका घराने चुकली होती. नोंदींचा क्रमांक ३२०वर, किंवा पुढे दर २५६ नोंदींनी येणाऱ्या तशाच जागी असताना डिस्क चालू केली, आणि कारखान्यातल्या चाचणीचा एक विशिष्ट ठसा तिच्या राखीव भागात उरलेला असला, तर फर्मवेअर वहीच्या बाहेर पाऊल टाकी. चूक लक्षात येताच ते सुरक्षिततेसाठी जागच्या जागी थांबे. चकती फिरत राहते, पण ‘कामात आहे’ याशिवाय डिस्क काही बोलत नाही. डेटाला धक्का लागलेला नसतो.

जानेवारी २००९मध्ये सीगेटने दुरुस्त फर्मवेअर दिलं. ५०० जीबीच्या डिस्कसाठी दिलेल्या पहिल्या आवृत्तीने चालू डिस्कच बंद पडू लागल्या, म्हणून ती मागे घेऊन सुधारित एसडी१ए द्यावी लागली. पण अडकलेल्या डिस्कवर ते टाकता येत नाही, कारण ती कुठल्याच आज्ञेला उत्तर देत नाही. तिला आधी बोर्डावरच्या सीरियल पिनांमधून जागं करावं लागतं. त्याला ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर (संगणकाच्या यूएसबीतून बोर्डाच्या पिनांशी बोलणारा जोड) लागतो, वेग सेकंदाला ३८,४०० बिट. संगणकाच्या मागचा जुना सीरियल पोर्ट थेट जोडला तर जास्त व्होल्टेजने बोर्ड जळतो. शेवटची आज्ञा एका अंकाने चुकली तरी सेक्टरांचा नकाशा पुसला जाऊ शकतो. आत एकुलते एक फोटो असतील, तर हा प्रकार स्वतः शिकण्याची ही डिस्क नव्हे. डेटा रिकव्हरीवाल्याला मॉडेल, फर्मवेअर आणि ‘बीएसवाय अवस्था’ (बिझी, म्हणजे ‘कामात आहे’वर अडकलेली) एवढं सांगा. ज्याने हे काम केलंय त्याला लगेच कळेल. डिस्क उघडायची गरज नसते, त्यामुळे दर क्लीन रूमचा (डिस्क उघडण्यासाठीच्या धूळरहित खोलीचा) लावला तर विचारा का ते. जागी झाल्यावर आधी फोटो काढा, मग एसडी१ए टाका.

बोर्डाची अदलाबदल का नको, तेही सांगतो. बहुतेक डिस्कच्या हेडची आणि चकतीची बारीक मापं तिच्या बोर्डावरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये असतात. दुसऱ्याचा बोर्ड म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. तो लावायचाच तर जुन्या बोर्डावरची चिप काढून नव्यावर बसवावी लागते.

प्रश्न: पोर्टेबल डिस्क टेबलावरून पडली. आता लावली की टक... टक... टक... आवाज येतो आणि थांबते. फ्रीझरमध्ये ठेवली तर चालते म्हणतात. – रत्नागिरी

उत्तर: फ्रीझर नको आणि पुन्हा लावूनही बघू नका. ती टकटक म्हणजे हेड आपली जागा शोधतंय, सापडत नाही म्हणून मागे जातंय, पुन्हा येतंय. हेड चकतीवर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. ते वाकलेलं असेल तर प्रत्येक फेरीत चकतीवरचा थर खरवडला जातो, आणि तोच तुमचा डेटा. फ्रीझरमधून काढल्यावर चकतीवर दव धरतं, कोकणातल्या दमट हवेत तर हमखास. फर्मवेअरचा इथे काहीही संबंध नाही. डेटा हवा असेल तर क्लीन रूम असलेली जागाच गाठा, आणि डिस्कची मूळ पेटी, बोर्ड, केबल सगळं सोबत न्या. काही पोर्टेबल डिस्कमध्ये पासवर्ड दिलेला नसला तरी यूएसबीचा बोर्डच मजकूर कूटबद्ध करतो, आणि तो बोर्ड हरवला तर सांधलेल्या डिस्कमधूनही अर्थहीन अक्षरं निघतात.

प्रश्न: साटा एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून फर्मवेअर अपडेट करायला गेलो. टूल म्हणतं, डिस्क सापडली नाही. फाइल कॉपी मात्र होतात. – छत्रपती संभाजीनगर

उत्तर: केसमधली यूएसबी-साटा चिप वाचन-लेखनाच्या आज्ञा पुढे पाठवते, फर्मवेअर भरण्याच्या आज्ञा बहुतेक चिपा पाठवत नाहीत. एसएसडी केसमधून काढा, डेस्कटॉपच्या साटा पोर्टला थेट जोडा आणि मग टूल चालवा. जोडताना संगणक बंद ठेवा, आणि अपडेटपुरत्या बाकीच्या डिस्कच्या साटा केबल काढून ठेवल्या तर चुकीच्या डिस्कवर अपडेट जाण्याचा प्रश्नच उरत नाही. त्या काढल्यावर विंडोज सुरू होणार नसेल, तर कंपनीची आयएसओ पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून बूट करा.